निकेल थकलंय

केमिकल कंपनी म्हटलं की लोकांना रिॲक्टर आठवतो, चिमणी आठवते, नाहीतर रात्री कोपरखैरण्याला खिडकीतून आत येणारा तो वास आठवतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला कुणी विचारलं की एखादी प्रोसेस किती स्वच्छ आहे हे कुठे उभं राहून कळतं, तर मी सांगेन फिल्टरपाशी. रिॲक्शन कितीही सुंदर असू दे, यील्ड, म्हणजे कच्च्या मालातून हाती येणारा माल, नव्व्याण्णव टक्के असू दे, बॅच संपल्यावर फिल्टरच्या वर काय राहिलं, खालून काय गेलं, आणि वर राहिलेलं उद्या परत कामाला येणार की ड्रममध्ये भरून तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या डेपोला जाणार, एवढं बघितलं की त्या प्रोसेसची अख्खी कुंडली हातात येते.

मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या फाइन केमिकल कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंट बघते. छोटी म्हणजे खरंच छोटी, मोजके रिॲक्टर, दाबाखाली चालणारा एक ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज, आणि मागच्या भिंतीला लागून ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं युनिट. माझा जीव सध्या ज्या विषयात अडकलाय तो म्हणजे परत परत वापरता येणारे घन कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्प्रेरक रिॲक्शनचा वेग वाढवतो आणि स्वतः शेवटी जसाच्या तसा उरतो. उरतो हे बरोबर, पण उरलेला परत हाताला लागतो का हे पुस्तक सांगत नाही, आणि आमचं सगळं दुखणं तिथेच आहे.

साधं उदाहरण घ्या. ॲसिड आणि अल्कोहोल एकत्र तापवून एस्टर करायचं, सेंट आणि फ्लेवरच्या धंद्यात असली एस्टर खूप लागतात, केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट त्यातलंच. कॅटॅलिस्ट म्हणून थोडं सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की काम होतं, स्वस्तात होतं, शंभर-सव्वाशे वर्षं असंच चाललंय. पण ते ॲसिड मालात विरघळलेलं असतं, मग त्याला मारायला सोडा टाकायचा, फेस येतो, सोडियम सल्फेटचं खारं पाणी तयार होतं, वर एस्टर खाली पाणी आणि मधे एक गढूळ थर जो धड इकडचा नाही धड तिकडचा नाही, तो सुटायची वाट बघत शिफ्ट संपते. आणि ते खारं पाणी ईटीपीला गेलं की तिथले बॅक्टेरिया बाकीचं ऑरगॅनिक खातील पण मीठ नाही खात, उलट मीठ फार झालं तर बॅक्टेरियाच आडवे पडतात. त्याऐवजी सल्फोनिक ॲसिडचे गट चिकटवलेले पॉलिस्टायरीनचे बारीक मणी, ज्याला आम्ही नुसतं रेझिन म्हणतो, ते टाकले तर ॲसिडचं काम तेच मणी करतात आणि शेवटी जाळीवर मागे राहतात. सोडा नाही, फेस नाही, मधला थर नाही. त्याच्याही मर्यादा आहेत, नेहमीचं रेझिन साधारण १२० डिग्रीच्या वर नेता येत नाही आणि तयार होणारं पाणी काढत राहिलं नाही तर ते सुस्तावतं, पण जिथे चालतं तिथे फरक इतका मोठा आहे की ईटीपीचा माणूस स्वतः येऊन विचारतो, आज तुमच्याकडून पाणी कसं आलं नाही.

आता खरं अवघड प्रकरण, ॲल्युमिनियम क्लोराइड. १८७७ मध्ये फ्रीडेल आणि क्राफ्ट्स या दोघांनी दाखवलं की याच्या मदतीने बेंझिनच्या रिंगवर कार्बनची साखळी बसवता येते, आणि तेव्हापासून औषधं, सुगंधी द्रव्यं, रंग सगळ्यांनी ही रिॲक्शन उचलली. पुस्तकात त्याला कॅटॅलिस्ट म्हणतात. पण ॲसायलेशनमध्ये, म्हणजे कीटोन बनवताना, तयार झालेला कीटोनच ॲल्युमिनियम क्लोराइडला असा घट्ट धरून ठेवतो की ते पुढच्या रेणूसाठी सुटतच नाही, त्यामुळे चिमूटभर टाकून भागत नाही, मालाच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्तच टाकावं लागतं. हिशोब करून बघा, मेथॉक्सीॲसिटोफिनोनसारख्या कीटोनला एका किलोमागे जवळपास एक किलो ॲल्युमिनियम क्लोराइड. किलोला किलो लागणाऱ्या वस्तूला कॅटॅलिस्ट म्हणणं मला पटत नाही.

आणि ते टाकणं सोपं एकवेळ, काढणं हा खरा प्रसंग. पिवळसर पांढरी पावडर, पोत्याचं तोंड उघडलं की हवेतल्या दमटपणानेच धूर सुटतो, जुलैमध्ये तर विचारूच नका. रिॲक्शन झाली की सगळा गोळा बर्फाच्या पाण्यात सोडायचा, हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ उठते, ती वाफ धुऊन घेणारा स्क्रबर पूर्ण ताकदीने चालू, ऑपरेटरच्या तोंडाला मास्क, तरी डोळे चुरचुरतात. मग ते ॲसिडचं पाणी चुना घालून न्यूट्रल केलं की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा लगदा तयार होतो जो फिल्टर प्रेसच्या कापडावर बसला की हलत नाही. प्रेस उघडून फळीने खरवडणारी माणसं मी बघितली आहेत, हातमोजे, गमबूट, पाठ वाकलेली. ग्रीन केमिस्ट्रीवर बोलताना लोक नद्या आणि हवा याबद्दल बोलतात, बोललंच पाहिजे, पण मला आधी ती पाठ दिसते.

याच रिॲक्शनला दुसरा रस्ता आहे आणि तो कागदावरचा नाही. फ्रान्सच्या ऱ्होन-पूलांक कंपनीने, जी पुढे ऱ्होडिया झाली, ॲनिसोल आणि ॲसिटिक ॲनहायड्राइडपासून हाच मेथॉक्सीॲसिटोफिनोन बीटा झिओलाइटवर, म्हणजे बारीक भोकांच्या, ॲसिडचं काम करणाऱ्या खनिजासारख्या घन पदार्थावर, बनवला, झिओलाइट नळकांड्यात भरून ठेवायचं आणि माल त्याच्यातून वाहवत न्यायचा. जुन्या पद्धतीत एक किलो मालामागे साडेचार किलो सांडपाणी निघायचं, ॲसिड, ॲल्युमिनियम, सॉल्व्हंट सगळं असलेलं. नव्या पद्धतीत ०.०३५ किलो, म्हणजे शंभरपटीहून कमी, आणि त्यातलं ९९ टक्के नुसतं पाणी. क्लोरीनवालं सॉल्व्हंट लागत नाही, यील्ड ८५-९५ वरून ९५ च्या पुढे. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा परत परत वाचले कारण रिॲक्शन तीच आहे, कच्चा माल सहज मिळणारा आहे, बदललं काय तर मधली ती एक वस्तू.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सेमिनारमध्ये ही गोष्ट सांगून लोक थांबतात. ॲनिसोलची रिंग मुळातच उत्साही असते, ऑक्सिजन तिला इलेक्ट्रॉन पुरवतो, म्हणून झिओलाइटचं सौम्य ॲसिडपण तिला पुरतं. साधं बेंझिन किंवा क्लोरोबेंझिन घ्या, तेच झिओलाइट तिथे हात टेकतं. शिवाय तयार झालेला माल ॲनिसोलपेक्षा जास्त पोलर, म्हणजे रेणूतला विजेचा भार एका बाजूला झुकलेला, तो झिओलाइटच्या बारीक भोकांमध्ये, जी एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात, चिकटून बसतो आणि वाट अडवतो. म्हणूनच ॲनिसोल भरपूर ठेवायचं आणि माल सतत वाहता ठेवायचा ही युक्ती लागली. सगळीकडे चालणारा एक घन कॅटॅलिस्ट असा नसतोच, प्रत्येक मालाचा स्वभाव बघून तो निवडावा लागतो, आणि त्या निवडीतच आमच्यासारख्यांचं आयुष्य जातं.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकातून आला नाही. बाबा ठाणे-बेलापूर रोडवर एका डाय इंटरमीडिएटच्या, म्हणजे रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या, कंपनीत होते, आम्ही कळव्याला राहायचो. ठाणे-वाशी लोकल आली २००४ मध्ये, त्याच्या आधीचे हे दिवस, बसने जायचे, आणि त्या रस्त्यावर पत्ता सांगायचा तर कंपन्यांच्या नावाने, नोसिलच्या पुढे, पीआयएलच्या अलीकडे, हर्डिलियाच्या समोर. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि पोरं गळ्यात कार्ड घालून चहाच्या टपरीवर उभी असतात. बाबांच्या बोटांची टोकं पिवळी असायची, नायट्रोच्या मालाने कातडीच रंगते, आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. त्यांच्या प्लांटवर नायट्रोचं अमाइन करायचे, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडायचे, याला रिडक्शन म्हणतात, लोखंडाचा भुगा आणि थोडं ॲसिड घालून, १८५४ मध्ये बेशां नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलेली पद्धत. रिडक्शन झालं की मागे उरतो काळा गाळ, आयर्न स्लज. सुट्टीच्या दिवशी एकदा ते मला गेटपर्यंत घेऊन गेले होते, पावसाळा होता, मागच्या ढिगाऱ्यावरून काळं-तांबडं पाणी वाहत नाल्याला मिळत होतं, आणि मी विचारलं बाबा हे काय, तर ते म्हणाले, हे कामाचं उरलेलं.

किती उरतं ते मी पुढे कॉलेजात समीकरण मांडून काढलं. ॲनिलीन या साध्या अमाइनचाच हिशोब घेतला तर चार रेणू नायट्रोला लोखंडाचे नऊ अणू लागतात आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे तीन रेणू पडतात, वजनात मांडलं की एक किलो ॲनिलीनमागे जवळजवळ १.९ किलो कोरडा गाळ. हे नुसतं कागदावरचं, प्लांटवर लोखंड जास्तीचं टाकतात, गाळ ओला असतो, त्यात अमाइन शोषलेलं असतं, म्हणजे खरा आकडा याच्या वरच. हेच काम हायड्रोजन आणि निकेलवर केलं तर एका किलोमागे चारशे ग्रॅमपेक्षा कमी पाणी सुटतं आणि बस. दुसरं काही नाही.

निकेलची गोष्ट जुनी आणि फार छान आहे. पॉल साबातिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवलं की बारीक निकेलवर हायड्रोजन ऑरगॅनिक मालाशी जोडता येतो, त्याचं १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं, मधल्या काळात १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी हेच तेलावर करून तेलाचं घट्ट तूप करण्याचं पेटंट घेतलं, आणि आपल्या घराघरातला डालडा त्याच वाटेने आला. मग अमेरिकेत मरे रेनी नावाचा इंजिनियर, तोही तेलाच्याच धंद्यात, त्याने १९२० च्या दशकात निकेल आणि ॲल्युमिनियम अर्धं-अर्धं वितळवून मिश्रधातू केला आणि कॉस्टिक सोड्याने त्यातलं ॲल्युमिनियम खाऊन टाकलं. मागे उरलं भोकाभोकांचं, स्पंजासारखं निकेल. याच्या एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही अशा काळ्या पावडरीत ऐरोलीतल्या प्रशस्त टू-बीएचकेचा कारपेट एरिया. आणि त्या प्रत्येक कोपऱ्यावर हायड्रोजन येऊन बसतो. ते कायम पाण्याखाली ठेवावं लागतं, सुकलं की हवेत आपोआप पेट घेतं, त्यामुळे फिल्टरच्या कापडाच्या कडेला चिकटलेला चिमूटभर थरसुद्धा सुकू द्यायचा नाही हे नवीन पोरांना आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो.

आमच्याकडे ते फिल्टरपर्यंत शक्यतो येऊच देत नाही. रिडक्शन झालं की स्टरर बंद करायचा, निकेल जड असल्यामुळे तळाला बसतं, मग नायट्रोजनच्या दाबाने वरचा माल डिप पाइपमधून, टोकाला बारीक गाळणीची कांडी बसवलेली असते, पुढच्या टाकीत ढकलायचा. निकेल रिॲक्टरमध्येच मागे राहतं, त्याच्यावर पुढची बॅच. त्याला हवा लागत नाही, कुणाचा हात लागत नाही, ड्रम भरायला नको. दर बॅचला थोडं ताजं निकेल वरून टाकतो, जेवढं झिजलं, वाहून गेलं त्याच्या बदली.

हे सगळं चालवणारे आमचे सीनियर ऑपरेटर, त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही. ते घणसोली गावातले, शिक्षण बेताचं, पण ऑटोक्लेव्ह त्यांना वाचता येतो. एकदा दुपारी लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, निकेल थकलंय."

जीसी, म्हणजे नमुन्यात कोणता माल किती आहे ते सांगणारं लॅबमधलं यंत्र, सगळा माल बदलला असंच दाखवत होतं. मी म्हटलं, "मामा, जीसी तर ठीक आहे, कन्व्हर्जन पूर्ण आलंय की."

"येणारच ना. पण मागच्या आठवड्यात दहा मिनिटात दोन किलो प्रेशर खाली यायचं, आज एक पण येत नाय. माल हायड्रोजन पितोय पण घोट घोट."

आणि त्यांनी वही उघडून दाखवली. लांब रजिस्टर, पेनाने आखलेले रकाने, प्रत्येक बॅचला दर दहा मिनिटांनी प्रेशर, तापमान, किती वेळा हायड्रोजन भरला, शेवटी सेटलिंगला किती वेळ लागला, वरचा माल स्वच्छ होता की काळपट. कुणी सांगितलं नव्हतं एवढं लिहायला. मी ते आकडे घेऊन ग्राफ काढला तर वेग कुठल्या बॅचपासून पडायला लागला ते सरळ दिसलं, आणि ती तारीख नवीन सप्लायरचा नायट्रो माल चालू केल्याच्या तारखेला जाऊन भिडली. तपासलं तर त्यात सल्फरची अशुद्धी. सल्फर हे निकेलचं विष, पृष्ठभागावर बसलं की उठत नाही. माल बदलला, वेग परत आला. जीसीवर विसंबून राहिलो असतो तर शेवटच्या नमुन्यात सगळं शंभर टक्केच दिसत राहिलं असतं, आणि एक दिवस बॅच अर्ध्यात थांबली असती.

मामांच्या त्या वहीमुळे मला रिसर्च पेपरमधल्या एका चित्राचा त्रास व्हायला लागलाय. घन कॅटॅलिस्टवरचा कुठलाही पेपर उघडा, शेवटी एक बार चार्ट असतोच, पहिली वेळ ९८, दुसरी ९७, तिसरी ९७, चौथी ९६, पाचवी ९५, आणि खाली वाक्य की कॅटॅलिस्ट पाच वेळा वापरता आला, कार्यक्षमता फारशी घटली नाही. पण रिॲक्शन जर खरं तर अर्ध्या तासात संपत असेल आणि तुम्ही सहा तास चालवून शेवटी यील्ड मोजत असाल, तर कॅटॅलिस्ट निम्म्याहून जास्त मेलेला असला तरी तुमचा बार तेवढाच उंच राहणार. त्याला जे अर्ध्या तासात जमायचं त्याला आता अडीच तास लागतात, तुम्ही सहाव्या तासाला बघताय. वेग मोजायचा असतो, तोही सुरुवातीचा, जेव्हा काम अर्धंसुद्धा झालेलं नसतं. हे कॅटॅलिसिसमधली जाणकार माणसं वर्षानुवर्षं सांगतायत, तरी चार्ट तसाच छापून येतो. मला वाटतं परत वापरता येतो हा दावा करायचा असेल तर मामांच्या वहीसारखं पान पेपरला जोडलं पाहिजे, नाहीतर तो शब्द वापरू नये.

दुसरा प्रश्न त्याहून खोलातला आहे, की काम करणारी वस्तू खरंच घन आहे का. पॅलेडियम हा धातू कार्बनवर बसवून सुझुकी कपलिंग करतात, म्हणजे दोन रेणू कार्बनला कार्बन लावून जोडतात, औषधांमध्ये ही रिॲक्शन सर्रास आहे. गरम असताना त्यातलं थोडं पॅलेडियम सुटून द्रावणात उतरतं, तेच काम करतं, आणि थंड झालं की परत कार्बनवर जाऊन बसतं. थंड करून फिल्टर केलं की वाटतं सगळं घनच होतं. हे पकडायची पद्धत सोपी आहे, रिॲक्शन अर्ध्यावर असताना गरमगरमच गाळायची आणि खाली आलेलं स्वच्छ द्रावण तसंच तापवत ठेवायचं. पुढे रिॲक्शन थांबली तर घनच काम करत होतं, चालू राहिली तर काहीतरी विरघळून खाली आलंय. हॉट फिल्ट्रेशन टेस्ट म्हणतात, तासाभराचं काम आहे. आणि हा नुसता अभ्यासकांचा वाद नाही, तोंडावाटे घ्यायच्या औषधात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाऊ नये अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. जे कार्बनवरून सुटलं ते कुणाच्या तरी गोळीत जाणार, म्हणून मला हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

सुटणाऱ्या कॅटॅलिस्टला जागेवर बसवण्याचं एक सुंदर काम आपल्या इथे, माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, झालंय. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले प्रा. गणपती यादव यांनी के-टेन नावाच्या मातीवर, म्हणजे ॲसिडने धुतलेल्या माँटमोरिलोनाइटवर, टंगस्टनवालं हेटरोपॉली ॲसिड, म्हणजे धातूच्या ऑक्साइडचे मोठे रेणू असलेलं जोरदार ॲसिड, बसवून कितीतरी रिॲक्शन करून दाखवल्या. मुलतानी माती याच घराण्यातली, त्यामुळे मला या कॅटॅलिस्टबद्दल उगाच आपुलकी आहे. पण हेटरोपॉली ॲसिड पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं, पोलर मालात टाकलं की मातीवरून सुटून यायचं. मग त्यांनी त्याचं सीझियम मीठ मातीच्या भोकांच्या आतच तयार केलं, सीझियम मीठ विरघळत नाही, आत अडकून राहतं. गळतं आहे हे मान्य करून ते का गळतं याच्या मागे लागलं की कुठपर्यंत जाता येतं त्याचा हा नमुना.

मॅग्नेटने बाहेर काढता येणारे नॅनो कॅटॅलिस्टही आता खूप गाजतायत, पोटात लोखंडाचं ऑक्साइड, वर सिलिका, त्यावर हवं ते ॲसिड किंवा धातू, फ्लास्कच्या बाहेरून चुंबक लावला की सगळं एका बाजूला. बघायला फार छान वाटतं. लॅबमध्ये मॅग्नेटिक स्टररवर ते चालवायला गेलं की सगळा कॅटॅलिस्ट स्टररच्या कांडीलाच चिकटतो, वरून ढवळायची सोय करावी लागते, आणि तीन हजार लिटरच्या रिॲक्टरला बाहेरून चुंबक लावायचा म्हणजे काय हे सांगणारा पेपर अजून माझ्या वाचनात यायचाय. मी यावर फार वेळ घालवत नाही.

त्यापेक्षा मला धुण्याचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. परत वापरण्याआधी कॅटॅलिस्ट इथाइल ॲसिटेटने तीनदा धुतला, मग ॲसिटोनने, मग ११० डिग्रीला रात्रभर सुकवला, असं पेपरात अगदी सहज लिहिलेलं असतं. ग्रॅमभर कॅटॅलिस्टला पन्नास मिलिलिटर सॉल्व्हंट. हे मोठ्या मापावर करा आणि बघा किती ड्रम लागतात. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला, एक किलो मालामागे किती किलो कचरा, इतकं साधं गणित. तेलाच्या रिफायनरीत तो ०.१ च्या खाली, फाइन केमिकलमध्ये ५ ते ५०, औषधांमध्ये २५ पासून शंभरच्याही पुढे. ही कल्पना त्यांना सुचण्यामागे हॉलंडमधला एक कारखाना होता जो टीएनटी या स्फोटकापासून फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं रसायन बनवायचा, एका किलोमागे ४० किलो घन कचरा, क्रोमियम, लोखंड, अमोनियम क्लोराइड, आणि शेवटी कचऱ्याची विल्हेवाट लावायचा खर्च मालाच्या किमतीजवळ पोचला तेव्हा तो बंद झाला. धुण्याचं सॉल्व्हंट ई-फॅक्टरमध्ये धरलं तर कित्येक परत वापरता येणारे कॅटॅलिस्ट एकदा वापरून टाकण्यापेक्षा महाग पडतात, पैशानेही आणि कचऱ्यानेही. न धुता, न सुकवता, ओलाच पुढच्या बॅचला घालता येतो तोच माझ्या लेखी खरा उपयोगाचा.

आणि जन्माचा हिशोबही कुणी मांडत नाही. झिओलाइट म्हटलं की मला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आठवतं, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये लाखो वर्षांत वाढलेले स्टिलबाइटचे पीच रंगाचे गुच्छ, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया, जगभरातले संग्राहक ज्यासाठी महाराष्ट्राचं नाव घेतात. पण प्लांटवर लागणारं बीटा झिओलाइट दगडातून खणून येत नाही, ते ऑटोक्लेव्हमध्ये सिलिका, ॲल्युमिना आणि टेट्राइथाइल अमोनियमसारखं, भोकांना आकार देणारं महागडं टेम्प्लेट घालून दिवसेंदिवस शिजवावं लागतं, मग ५०० डिग्रीच्या वर भाजून ते टेम्प्लेट जाळून टाकायचं. म्हणजे आमच्या फिल्टरवर पोचण्याआधीच त्याने बराच खर्च केलेला असतो. तो फेडायला पाच बॅच पुरत नाहीत, महिनोन् महिने चालावं लागतं, मधे कोक, म्हणजे कार्बनची काजळी, साचला की भट्टीत हवा देऊन जाळायचा आणि परत भरायचा.

मग सगळे का बदलत नाहीत, असं मला घरचेसुद्धा विचारतात. २०१७ मध्ये तळोज्याला कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे फिरताना सगळ्या देशाने टीव्हीवर बघितले, ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो आहेत, २०१५ पासून ते अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ आहे, मग अजून लोखंडाचा भुगा कशाला. उत्तर काही फार मोठं नाही. लोखंड उघड्या टाकीत चालतं. निकेल चालवायचं तर प्रेशरचा ऑटोक्लेव्ह हवा, फ्लेमप्रूफ फिटिंग हवं, हायड्रोजनच्या सिलेंडरच्या साठ्याला पेसोचं, म्हणजे स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, लायसन हवं, नायट्रोचं रिडक्शन प्रचंड उष्णता सोडतं म्हणून कूलिंग भरवशाचं हवं, आणि मामांसारखा माणूस हवा. शेडमधल्या छोट्या युनिटवाल्याकडे यातलं एकही नसतं आणि बँक त्याला यासाठी कर्ज देताना दहा प्रश्न विचारते. मी त्याला दोष देत नाही. एमआयडीसीत सामायिक ईटीपी आहे तसं सामायिक हायड्रोजनेशनचं युनिट असावं, चार-पाच छोट्यांनी मिळून आपला नायट्रो तिथे पाठवावा, असं मी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोलत असते आणि बोलत राहणार आहे.

परवा मामांनी वहीवरून डोकं वर न काढता विचारलं, "मॅडम, हे निकेल अगदीच संपलं की जातं कुठं?" मी सांगितलं की निकेलचा खर्च झालेला कॅटॅलिस्ट धोकादायक कचऱ्यात मोडतो, पाण्याखाली ठेवून सीलबंद ड्रममधून परवानाधारक रिसायकलरकडे जातो, तिथे त्यातलं निकेल काढतात. पॅलेडियमचं त्याहून बरं, त्याला रिफायनर स्वतःच गाडी पाठवतो कारण आत किमती धातू आहे. मातीचा आणि रेझिनचा कॅटॅलिस्ट मात्र कुणालाच नको असतो, त्यात विकण्यासारखं काही नाही, तो पैसे मोजूनच टाकावा लागतो. मामा म्हणाले, "मग तो पण हिशोबात धरा." धरलाय. नवीन प्रोसेसचं कॉस्टिंग आलं की कॅटॅलिस्ट विकत घ्यायच्या किमतीच्या लगेच खालच्या ओळीत मी तो टाकायचा खर्च लिहायला लावते, आणि त्याच्या खाली एक रकाना, सुरुवातीचा वेग निम्म्यावर येईपर्यंत किती बॅच निघाल्या. तो रकाना रिकामा असेल तर शीट परत पाठवते.